पहिलं तोंड

सेगुलाबायचे केस कोरडे होते.

मागच्या अंगणात नारळाच्या बुंध्याला पाठ टेकून ती उन्हात बसली होती. केस पुढे घेऊन बोटांनी एकेक गुंता सोडवत होती. मी गोठ्यातून शेणाची पाटी घेऊन येत होते, ती तिथेच थांबले. वारा माझ्या बाजूला होता. शिकेकाईचा वास आला, रिठ्याचाही आला.

कुणी म्हणेल, बाईने डोक्यावरून पाणी घेतलं त्यात एवढं काय. पण आमचं घर तेल्याचं. परसात घाणा, ओटीवर डबे, उंबऱ्यापासून उशीपर्यंत सगळ्याला खोबरेलाचा वास. आमच्या घरातल्या बाईचं डोकं तेलाने थबथबलेलं नसलं तर सासूबाई विचारायच्या, बरं नाही का. तेल धुऊन काढून केस असे सळसळीत कोरडे करायचे ते एकाच कारणासाठी, तबिल्यासाठी.

आम्ही बेने इस्रायल, कोकणातले यहुदी. आमच्यात पाळी आली की बाई बाजूला बसते, नवऱ्याला शिवत नाही. शुद्धीचे दिवस भरले की दिवेलागणीनंतर, आभाळात चांदण्या दिसायला लागल्या की खाडीवर जायचं आणि डोक्यासकट पाण्यात बुडी घ्यायची, तो तबिला. पाण्यात उतरताना अंगावर काही म्हणून ठेवायचं नाही. बांगडी नाही, कुडी नाही, मंगळसूत्रसुद्धा नाही. नखात कणीक नको, दातात सुपारीचा कण नको, केसात गाठ नको, आणि तेलाचा तवंग तर नकोच. जिथे पाणी लागलं नाही तिथे बाई कोरडी राहिली, आणि तेवढ्यासाठी सगळी बुडी फुकट. काठावर दुसरी बाई उभी असते. एकही केस वर तरंगला नाही असं तिने आपल्या डोळ्यांनी पाहिलं की ती म्हणते, 'कोशेर', म्हणजे शुद्ध. ती म्हणेपर्यंत काही खरं नाही. तिने म्हटलं की मग बाई घरी जाते ती नवऱ्याच्या खोलीत.

आता सेगुलाबायचे कोरडे केस बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात का गेली ते कळलं असेल. ती माझी सवत होती, थोरली.

ही इंग्रज जायच्या आधीची गोष्ट. तेव्हा आमच्यात पहिलीला मूल झालं नाही तर दुसरी करायचे, कुणी नावं ठेवत नसे. माझ्या बापाने लग्न ठरवताना मशिदीच्या ओट्यावर, म्हणजे आमच्या प्रार्थनेच्या जागेला आम्ही मशीदच म्हणायचो, तिथे चार माणसांसमोर विचारलं होतं, "थोरलीचं काय?" आमचे हे मान खाली घालून बसलेले. उत्तर सासूबाईंनी दिलं. "थोरली घर सांभाळील. संसार धाकटीचा." मी दाराआड उभी होते. 'संसार धाकटीचा' हे दोन शब्द मी पदराला गाठ मारून सासरी आणले.

आल्यावर बघते तर काय. घाण्याचं पहिलं तेल उतरलं की हे पळी घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी यायचे आणि तिच्या तळहातावर दोन थेंब सोडायचे. ती वास घ्यायची, दोन बोटांत चोळायची, मान हलवायची. तिने मान हलवल्याशिवाय डबा भरला जात नसे. एकदा मी मुद्दाम हात पुढे केला. तर म्हणाले, "अगं, तुला काय कळणार त्यातलं." वाईट मनाने नाही म्हणाले, हसून म्हणाले. तेच तर जास्त लागलं. तिला 'सेगुल' म्हणून हाक, आणि मला 'अगं'. मला मिल्का हे नाव आहे हे त्या माणसाला पंचांनी सांगितलंच नव्हतं जणू. आणि तिच्या हनुवटीत एक खळगी होती. ती हसली की खळगी आणखी खोल व्हायची, आणि हे बोलता बोलता थांबायचे. मग विचारायचे, मी काय म्हणत होतो?

मी तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. रंगाने उजळ. पाणी भरायला निघाले तर लोक वळून बघायचे. पण या घरात मला कुणी थांबून बघत नव्हतं.

त्यात माझ्या तबिल्याला काठावर उभी राहायची तीच. सासूबाईंचे गुडघे गेलेले, खडकावर उतरता येत नव्हतं. तेव्हा माझी नखं सेगुलाबायने बघायची, माझे दात तिने बघायचे, माझ्या केसांतून तिने हात फिरवायचा. मंगळसूत्र काढून द्यायचं तेही तिच्याच हातात. एक तिच्या गळ्यात, एक तिच्या मुठीत, दोन्ही एकाच माणसाच्या नावाची. मी थंडीने कुडकुडत पाण्यात उतरायचे आणि माझं लक्ष बुडीकडे नसायचं, तिच्या मुठीकडे असायचं.

मी वर आले, ती 'कोशेर' म्हणाली, की लगेच आपला पदर तोंडावर ओढून घ्यायची. तोही सासूबाईंचा हुकूम. पाण्यातून वर आलेल्या बाईने पहिलं काय पाहिलं त्यावर पोर जातं, असं आमच्यात मानतात. वाटेत कुत्रं आडवं गेलं, गाढव दिसलं, तर मागे फिरून पुन्हा बुडी. म्हणून माझ्या डोक्यावर चादर टाकून, हात धरून सेगुलाबाय मला घरी आणायची. "आणि हे बघ," सासूबाईंनी तिला बजावलं होतं, माझ्यासमोर बजावलं होतं, "तुझं तोंड तिला दिसायला नको. वांझेचं तोंड पहिलं नको." ती पदर ओढायला शिकली. मी तिच्या टाचांकडे बघत यायचे, आणि उंबऱ्यावर सासूबाई दिवा घेऊन बसलेल्या असायच्या, पाच लेकरांची आई. मान वर करून पहिलं तोंड त्यांचं बघायचं.

एवढं सगळं करून वर्ष उलटलं तरी माझी कूस रिकामीच. आणि आता ही बया केस वाळवत बसली होती.

मी शेणाची पाटी टाकली आणि दिवसभर तिच्यावर नजर ठेवली. दुपारी तिने नखं काढली. संध्याकाळी सुपारी नको म्हणाली. रोज खायची. कानातल्या कुड्या दिसेनात. म्हणजे हा माणूस हिच्याकडेही जातो. मला सांगतो घाण्यावर काम आहे, आणि घाण्याच्या वाटेवरच तिच्या खोलीचं दार. आणि मी खुळ्यासारखी अंथरूण घालून वाट बघत बसते.

दिवे लागायच्या वेळेला ती धुण्याची टोपली काखेला लावून निघाली.

"तिन्हीसांजेचं कसलं धुणं?" सासूबाईंनी विचारलं.

"दिवसभर सवड झाली नाही. दोन गोधड्या आहेत, बुडवून आणते."

हे परसात बैलाचं जू सोडत होते. त्यांनी मान वर केली. "कंदील घेऊन जा, सेगुल. वाटेत निसरडं आहे."

संपलं. माझी खात्रीच पटली. मला या माणसाने कधी कंदील घे म्हणून सांगितलं नव्हतं. मी तव्यावरची भाकरी तशीच सोडली आणि मागच्या दाराने निघाले. ती भाकरी जळून कोळसा झाली, त्यावरून सासूबाई पुढे चार दिवस बोलत होत्या.

खाडीच्या वळणावर, जिथे आम्ही तबिल्याला जायचो, तिथे एका बाजूला खडक आणि दुसऱ्या बाजूला केवड्याचं बन. त्या बनामुळेच तर ती जागा निवडलेली, वाटेवरून दिसत नाही. मी बनात शिरले. भरती लागली होती. सेगुलाबायने कंदील खडकावर ठेवला, गोधड्यांना हातही लावला नाही. इकडेतिकडे बघितलं. मी जिवाचा कान करून ऐकत होते, हिच्याबरोबर कोण येणार? काठावर कुणीतरी लागतंच. पण कुणीच आलं नाही.

तिने मंगळसूत्र काढलं, कुठे ठेवावं कळेना तशी क्षणभर उभी राहिली, मग कंदिलाच्या दांडीला अडकवलं. लुगडं सोडलं. मी तिला पहिल्यांदाच तशी बघत होते. ती मला दर महिन्याला बघायची, मी तिला कधी नाही. खांदे हाडकुळे झालेले, पोट सपाट, कधीच न ताणलेलं. मला वाटलं होतं काहीतरी असेल तिच्यात, ज्यासाठी हे थांबतात. तसलं काही दिसेना. मग आणखीच चीड आली.

छातीभर पाण्यात जाऊन तिने बुडी घेतली. वर आली. चेहऱ्यावरचं पाणी पुसलं नाही, डोळे मिटलेलेच, आणि मोठ्याने म्हणाली,

"मिल्का, केवड्याचे काटे वाईट असतात. पुढे ये, आणि केस सगळे खाली गेले का तेवढं सांग."

पळून जाणं माझ्या स्वभावात नाही. मी बनातून बाहेर आले, लुगडं फाटलं ते फाटलंच, आणि खडकावर जाऊन तिच्यासमोर उभी राहिले.

"कुणासाठी घेतेस तबिला?" मी विचारलं.

"आधी सांग. गेले का?"

गेले होते. मी नीट बघितलं होतं. डोकं खाली गेल्यावर पाण्यावर काही म्हणजे काही नव्हतं. पण माझ्या तोंडातून निघालं, "नाही. परत."

तिने परत बुडी घेतली. वर आली.

"आता?"

"डावीकडचे राहिले. परत."

थंडीचे दिवस. वारा सुटला होता. ती पुन्हा खाली गेली, आणि वर आली तेव्हा दात वाजत होते.

"परत," मी म्हटलं. मला बरं वाटत होतं. का झाकू, फार बरं वाटत होतं. त्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या होकारासाठी थांबलं होतं.

ती चौथ्यांदा वर आली तेव्हा डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. "तुला जितक्यांदा म्हणायचंय तितक्यांदा म्हण," ती म्हणाली. "मी घेते. मला घाई नाही. ही माझी शेवटची आहे."

"शेवटची म्हणजे?"

"बंद झालंय माझं. चार-पाच महिने काही नव्हतं, मग एकदाच आलं. सुईणीला विचारलं, ती म्हणाली, हे निरोप घ्यायला आलेलं, आता नाही येणार. यापुढे मला पाणी नाही, मिल्का. एकदा बुडी कोशेर झाली की मी मरेपर्यंत शुद्ध. न झाली तर तशीच राहीन." तिने अंगाभोवती हात गुंडाळले. "कोण शिवतं, कोण नाही, हा पुढचा प्रश्न. पण मला अर्धवट राहायचं नाही."

"ते येतात ना तुझ्याकडे?"

ती हसली. अशा वेळीसुद्धा ती खळगी पडली. "तू उंबरा ओलांडलास त्या दिवसापासून माझ्या खोलीची कडी वाजलेली नाही. त्याने आईला शब्द दिला होता. तो शब्दाचा पक्का आहे. तुला माहीत नाही, कारण तू त्याला कधी काही विचारत नाहीस. नुसती बघत असतेस."

"मग तबिला कशाला घ्यायचा? माझ्या मागून?"

"दर महिन्याला घेत होते. एकटीने. फडक्यात केस बांधून ठेवायचे, कुणाला दिसायचे नाहीत. मी त्याची बायको आहे ना? दार त्याने वाजवायचं की नाही ते त्याच्याकडे. पण वाजलं तर मी तयार नाही असं व्हायला नको होतं."

पाणी तिच्या गळ्यापर्यंत चढलं होतं.

"एकटीने घेतलेल्या बुड्यांचं काय ते देव बघेल," ती म्हणाली. "पण शेवटची साक्षीने व्हावी असं फार वाटत होतं. सासूबाईंना सांगितलं असतं तर हसल्या असत्या. शेजारणीला सांगितलं असतं तर गावभर झालं असतं. तुला विचारलं असतं तर आली असतीस?"

"नसते."

"म्हणून तर सकाळी अंगणात केस वाळवले. तुझ्या वाटेवर बसून."

ते ऐकलं आणि मी खडकावर बसलेच. सगळा दिवस मला वाटत होतं की मी हिच्यावर पाळत ठेवतेय. नखं काढली ती माझ्यासमोर काढली. सुपारी नको म्हणाली ती मला ऐकू जाईल अशी म्हणाली. माझा मत्सर तिला चुलीतल्या निखाऱ्यासारखा नेमका ठाऊक होता, कुठे फुंकर घातली की पेट घेतो ते. आणि तोच तिने वापरला, मला काठावर आणायला.

"बुडी घे," मी म्हटलं.

तिने घेतली. मी कंदील उचलून पुढे झुकले आणि डोळे फाडून बघितलं, एकेक केस बघितला. सगळं खाली गेलं. वरून पाणी मिटलं.

"कोशेर," मी म्हटलं. आवाज नीट निघाला नाही म्हणून पुन्हा म्हटलं, "कोशेर."

ती वर आली. मी हात दिला. मंगळसूत्र कंदिलाच्या दांडीवरून काढून मी माझ्या मुठीत धरलं. दोन मंगळसूत्रं होती, एक माझ्या गळ्यात आणि एक मुठीत. ते खाडीत भिरकावून द्यावं असं मनात आलं होतं, हेही सांगून टाकते. मग तिच्या गळ्यात घातलं. हात ओले होते, फासा लवकर बसेना.

"माझं पहिलं तोंड तुझं," ती म्हणाली. "आता मला पोर व्हायचं नाही, नाहीतर तुझ्यासारखं फुगलेलं झालं असतं."

"वर ये आता, मरशील थंडीने."

घरी ती मागच्या दाराने गेली. मी सरळ घाण्यावर गेले. हे खाली बसून पेंड गोळा करत होते.

"आज माझ्याकडे यायचं नाही," मी म्हटलं.

"का?"

"मी बाहेरची झालेय."

नव्हते झाले. तोंडावर धडधडीत खोटं बोलले. "बरं," हे म्हणाले, "मग मी ओटीवर झोपतो."

"ओटीवर कशाला? थोरली पाण्यावर जाऊन आलीय. मी होते काठावर. मीच कोशेर म्हटलं."

त्यांच्या हातातली पेंड गळून पडली. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. बहुधा पहिल्यांदाच. "आईला मी शब्द दिलाय, मिल्का," म्हणाले. माझं नाव घेतलं. घेतलं तेही कुणासाठी, ते बघा.

"तो शब्द माझ्या वाटणीचा होता ना? मग तो मी मोडला असं समजा. आईंना मी सांगीन."

ते उठले. विहिरीवर जाऊन हात धुतले. राखेने घासले, मग साबण लावला, मग पुन्हा राख. मनगटं, कोपर, नखांच्या कडा, सगळं तेल काढलं. मी दारात उभी राहून बघत होते. माझ्या खोलीत हा माणूस तेलाचे हात धोतराला पुसून यायचा.

त्या रात्रीचं मी काही सांगणार नाही. कडी वाजली, एवढंच. मी गोधडीचा कोपरा दातात धरला होता, सकाळी बघितलं तर शिवण उसवलेली.

सकाळी सेगुलाबायने मला बाजूला बसलेल्या बाईचं वेगळं ताट आणून दिलं. डोकं पुन्हा तेलाने चपचपीत. ताट ठेवता ठेवता खालच्या आवाजात म्हणाली, "तू बाहेरची नाहीस. तुझ्या तारखा मी मोजते."

"मोजत बस," मी म्हटलं.

देवालाच ते खोटं बघवलं नसेल. दोन दिवसांत त्याने ते खरं केलं, आणि मी सगळे दिवस बाजूला बसले. आणि कडी? ती रोज वाजत होती. मी एक संध्याकाळ दिली होती, त्या दोघांनी माझे सगळे दिवस वापरून घेतले. सासूबाई एकदा तोंड उघडणार होत्या. मी म्हटलं, "आई, संसार धाकटीचा ना? मग धाकटीला करू द्या तिच्या मनासारखं." त्या आत निघून गेल्या. आणि मी कोपऱ्यात बसून आतल्या आत जळत होते. दिलेलं मागे घ्यावंसं रोज वाटायचं, पण तोंडाने ते जमेना.

माझे दिवस भरले. संध्याकाळी सेगुलाबाय मला घेऊन खाडीवर गेली. नखं बघितली, दात बघितले, केसांतून हात फिरवला, मंगळसूत्र मुठीत धरलं. मी उतरले, बुडी घेतली, वर आले.

"नाही," ती काठावरून म्हणाली. "परत."

मी पुन्हा घेतली.

"डावीकडचे राहिले. परत."

तिसऱ्यांदा वर आले तेव्हा मला उमगलं. मी डोळे मिटूनच ओरडले, "सेगुलाबाय, पाणी गार आहे."

"असेना. मला काही घाई नाही. परत."

चौथ्यांदा खाली गेले तेव्हा पाण्याखाली मलाच हसू आलं, नाकातोंडात पाणी गेलं. ठसकत वर आले. समोर सेगुलाबाय खडकावर पोट धरून हसत होती. एका हातात माझं मंगळसूत्र, दुसरा हात पोटावर, पदर ओढायला हातच उरला नव्हता. डोक्यावरून तो घसरला होता, कंदील बरोबर तोंडावर. मी आ वासून बघत राहिले, एवढी ती चांगली दिसत होती. हनुवटीतली खळगी अंगठा मावेल एवढी झालेली. हे का थांबतात ते मला तेव्हा कळलं, आणि कळल्यावर काही बरं वाटलं नाही.

"कोशेर," ती म्हणाली, डोळे पुसत. "आता फिटलं." मग एकदम दचकली, पदर ओढला. "अगं बाई. तू बघितलंस का?"

"काय?"

"माझं तोंड."

"नाही," मी म्हटलं. "पाणी होतं डोळ्यात."

तिचा विश्वास बसला नाही. "परत घे. एकदा घेऊन टाक, नीट होईल."

"आता मेले तरी घेणार नाही," मी म्हटलं आणि कपडे अंगावर ओढले. उंबऱ्यावर सासूबाईंच्या तोंडाकडे बघितलं तेव्हा ते दुसरं तोंड होतं. मी कुणाला बोलले नाही.

त्याच महिन्यात मला दिवस गेले.

बाळंतपण घरातच झालं. सासूबाईंनी सेगुलाबायला गरम पाण्याच्या घंगाळापाशी बसवून ठेवलं होतं, खोलीच्या बाहेर. पोर झाली, रडली, सुईणीने पुसून माझ्या कुशीत दिली. मुलगी. सासूबाईंचं तोंड जरा उतरलं, पण वर्षानुवर्षं रिकाम्या घरात मुलगी तर मुलगी. त्यांनी दिवा जवळ आणला आणि वाकल्या.

"नाक आमचं," त्या म्हणाल्या. "रंग तुझा. आणि ही…" त्या थांबल्या. पोरीच्या हनुवटीवर बोट ठेवलं. दिवा आणखी जवळ घेतला.

ती खळगी होती. तांदळाच्या दाण्याएवढी, पण होती. ना माझ्या माहेरात कुणाला, ना यांच्या घरात कुणाला.

"मिल्का," सासूबाई म्हणाल्या, "त्या दिवशी पाण्यातून वर आल्यावर पहिलं तोंड कुणाचं बघितलंस?"

माझ्या मनात काय झालं ते सांगते. दिवस मी काढले, ओकाऱ्या मी काढल्या, कळा मी सोसल्या, आणि खूण तिची. घाणा तिचा, तेल तिचं, कडी तिची, आता पोरीची हनुवटीही तिची. आणि आता हे येऊन बघतील, आणि पोरीकडे बघता बघता बोलायचे थांबतील. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, आणि ते काही आनंदाचं नव्हतं.

तेवढ्यात दारात सेगुलाबाय उभी दिसली. घंगाळ घेऊन आली होती. डोक्यावरून हनुवटीपर्यंत पदर ओढलेला, आत काही दिसत नव्हतं. चाचपडत एक पाऊल आत टाकलं आणि थांबली. "पाणी कुठे ठेवू?" पदरातूनच विचारलं. "पोरीने डोळे उघडलेत का? मी बघत नाहीये. पहिलं तोंड तुझं बघू दे तिला."

पोरीने डोळे उघडले होते. माझ्याकडेच बघत होती, जेवढं त्या वयाला दिसतं तेवढं. मी तिला उचललं आणि दाराच्या दिशेला वळवलं.

"काढ तो पदर," मी म्हटलं. "आता कशाला लपवतेस? पोर तुझंच तोंड घेऊन आलीय."